येळवशीला पुदिना

२३ नोव्हेंबर, रविवार

आज उमरीला पोरगी बघायला गेलो आणि लसणानं माझं वाटोळं केलं.

नीट लिहितो. मी इंग्लिश मीडियमचा, मराठीत मोबाईलच्या मेसेजशिवाय काही लिहिलेलं न्हाई. पण आरती, म्हणजे तीच पोरगी, शाळेत मराठी शिकवते. लग्न झालंच तर हिच्यासमोर ऱ्हस्व-दीर्घाची शोभा नको, म्हणून आजपासून डायरी. लग्न होईल असं आता वाटत न्हाई, पण वही आणली आहे तर वापरू.

सकाळी गावाकडनं, म्हणजे जळकोटकडनं निघताना आई म्हणाली, "लांब जायचंय, पोटाला आधार पाहिजे." आधार म्हणजे भाकरी, लसणाचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मी दोन कांदे खाल्ले. मी गाढव आहे.

उमरीला चहापाणी झालं, मग "दोघांना जरा बोलू द्या" म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिथं मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी म्हणलं, "हाय, मी हरिओम." आता 'ह' हे अक्षर किती डेंजर आहे ते मला आज कळलं. पोटातली सगळी हवा बाहेर येते. आणि माझं नावच त्याच्यावरनं ठेवलंय.

तिनं डोळे मिचकावले. म्हणाली, "लसणाचा ठेचा?"

"...हाव."

"मिक्सरचा का पाट्यावरचा?"

"पाट्यावरचा."

"वाटलंच," म्हणाली आणि मिरच्यांच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. संपला विषय. त्यानंतर तिनं लई काय काय विचारलं, क्लासमध्ये काय शिकवता, पोरं त्रास देतात का, गावाकडं कधी जाता. मी ओठ मिटून नुसती मान हलवली. तेवढीच इज्जत वाचवली.

तिचे वडील लहानपणीच गेले. ती आणि तिची आई तेव्हापासून मामाच्या घरी. त्यामुळं मामा म्हणतील तेच फायनल. मामा म्हणजे हणमंतराव. धिप्पाड, पांढरे कडक कपडे, गावात मान. एकदम जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून बोलले, तर तोंडाला लवंग-इलायचीचा काय सुंदर वास! माणसानं असं पाहिजे. म्हणाले, "आधी चौकशी करू, मग कळवू." करा म्हणलं. माझं रेकॉर्ड क्लीन आहे. तोंड सोडून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लातूरला रूमवर परत. मी नीटच्या क्लासमध्ये पोरांचे केमिस्ट्रीचे डाउट सोडवतो. मग स्वतःचा एक डाउट सुटणार न्हाई का?

दोन दिवस रिसर्च केला. लसणाचा वास फक्त तोंडात नसतो. लसूण पोटात गेला की त्यातला एक सल्फरचा गॅस रक्तात जातो, रक्तातनं फुप्फुसात, आणि मग आपण श्वास सोडला की बाहेर. म्हणजे कितीही ब्रश घासा, आतनं सप्लाय चालूच. नाव ॲलिल मिथाइल सल्फाइड. शत्रूचं नाव कळलं की अर्धी लढाई जिंकली.

उपाय पण सापडले. दूध, सफरचंद, पुदिना, लिंबू. एक्सपेरिमेंट चालू. मी कच्चा लसूण चावायचा, त्यावर एक-एक उपाय करायचा आणि रूम पार्टनर शिवमच्या तोंडावर हाऽऽ करायचं. तो दहापैकी मार्क देणार.

पहिल्या हाऽऽला शिवम कॉटवरनं उठून गॅलरीत गेला. म्हणाला, "बे हऱ्या, पोरगी न्हाई म्हणली तर म्हणू दे, पण मला जगू दे."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रिझल्ट: दूध जेवणानंतरपेक्षा जेवणासोबत भारी. सफरचंद चांगलं, पण महाग. कच्ची कोथिंबीर चांगली, पण लेक्चरला दातात अडकली आणि पहिल्या बेंचवरची पोरं पिरियडभर माझ्याकडं बघून खोकली. पुदिना सगळ्यात बेस्ट. शिवमनं सहा दिले. अजून चार पाहिजेत.

धम्मानंदच्या मेडिकलवरनं माऊथवॉश आणलं. धम्मानंद शाळेपासूनचा मित्र. असं झोंबलं की डोळ्यांतनं पाणी आलं. बाटलीवर वाचलं, त्यात अल्कोहोल असतं म्हणे. म्हणूनच जंतू मरतात.

२ डिसेंबर, मंगळवार

आता सिस्टीम सेट झाली. सकाळी माऊथवॉश, जेवताना दूध, नंतर पुदिना, संध्याकाळी लवंग-इलायची. लवंग-इलायची खालच्या मल्लेशच्या पानटपरीवरनं. मल्लेश रोज न मागता पुडी तयार ठेवतो आणि डोळा मारतो. आज म्हणाला, "सर, दोन लवंगा जास्त टाकल्या. कडक असली तर लागतात."

मी म्हणलं, "कडकच आहे रे, पाट्यावरची."

तो म्हणाला, "हातभट्टी म्हणा की सरळ," आणि लई हसला. काहीपण जोक करतो. पण मनाचा दिलदार आहे.

माऊथवॉशची तिसरी बाटली (एक रूमवर, एक क्लासमध्ये, एक गावाकडं न्यायला) आणायला गेलो तर धम्मानंदनं हातात धरून ठेवली, देईनाच. "हऱ्या, हे गुळणी करून थुंकायचं असतंय, माहिताय ना?"

"हाव की."

"थुंकतोस ना?"

"मग काय करतोय?"

"काही टेन्शन असलं तर बोल भावा. एकटं राहिलं की माणूस कुठं बी वाहवत जातंय." त्याचे डोळे भरून आले होते. असे मित्र नशिबानं मिळतात. लग्न जमलं न्हाई याचं माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटून राहिलंय.

७ डिसेंबर, रविवार

गावाकडं आलो. दारातच आईनं जवळ घेतलं आणि एकदम थांबली. नाक माझ्या तोंडाजवळ आणलं. मी खुशीत हाऽऽ करून दाखवलं. आठ मार्कांचा श्वास होता! पण आई आत गेली आणि देवापुढं बसून राहिली. आनंद झाला की ती अशीच करते.

दुपारी तालुक्याला जातो म्हणलं तर बाबांनी गाडीची चावी खिशात घातली. "नको. अशा हालतीत नको."

मग मला गोठ्याकडं घेऊन गेले. बराच वेळ म्हशीकडं बघून म्हणाले, "हऱ्या, मी तुला रागवू लालो न्हाई. माणसानं एकदा मनावर घेतलं की सुटतंय."

मला लई भारी वाटलं. बाबांनी माझा प्रॉब्लेम ओळखला होता! मी म्हणलं, "बाबा, सुटलं की. आता तर मी तोंडाला पण लावत न्हाई."

"खरं?"

"आईशप्पथ. फक्त टेस्टिंगपुरतं. ते पण शिवमसमोर."

"ते बी बंद कर."

"करतो."

"कधीपासून लागलं होतं?"

"लहानपणापासून. आईनंच लावलं, बाबा. सकाळी भाकरीसोबत."

बाबा माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हशीला पेंड टाकली आणि घरात आईशी बोलायला गेले. तिथनं जोराचा आवाज आला, पण मी पडलो न्हाई मध्ये. नवराबायकोचं आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

मोठी न्यूज! मामा चौकशीला लातूरला येऊन गेले. मी क्लासमध्ये होतो. मल्लेशनं सांगितलं, "पांढऱ्या कपड्यातले एक जण तुमचं विचारून राहिले होते. मी कसर ठेवली न्हाई. म्हणलं, सर लई सभ्य. रोज संध्याकाळी लवंग-इलायची घेतेत, पण कधी झोकांडी गेली न्हाई की कुणाला शिवी दिली न्हाई. समोरून आले तर वास येत न्हाई."

एवढी तारीफ! मी मल्लेशला मिठी मारली.

"मग काय म्हणाले?"

"काय न्हाई. त्यांनी बी चार लवंगा घेतल्या आणि शेजारच्या मेडिकलात गेले."

म्हणजे धम्मानंदनं पण चांगलंच सांगितलं असणार.

१५ डिसेंबर, सोमवार

आईचा फोन. उमरीची मंडळी शुक्रवारी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या शेतात जेवायला येऊन राहिली. मामा स्वतःहून म्हणाले म्हणे, "आमच्याकडं एवढी करत न्हाईत, बघायला येतो." आरती पण येणार!

आई म्हणाली, "अमावस्या हाय, बोलणी करायची न्हाईत. नुसतं जेवायचं. आणि हऱ्या, त्या दिवशी तरी..."

"काय?"

"काय न्हाई. तुझ्या लेकराबाळांची शप्पथ हाय."

मला लेकरंबाळं कुठं आहेत अजून? पण टेन्शनमध्ये आई काहीपण बोलते.

आता खरा प्रॉब्लेम. येळवस म्हणजे आंबील. ज्वारीचं पीठ, ताक आणि लसूण. थोडाथोडका न्हाई, ओंजळभर लसूण. आदल्या दिवसापासून आंबवलेलं. आणि त्या दिवशी कुणाच्याही बांधावर गेलं की पहिला तांब्या आंबिलीचा. न्हाई म्हणायची पद्धत न्हाई. अख्खं लातूर बंद करून लोक शेतात जातेत आणि संध्याकाळी अख्खा जिल्हा लसूण होऊन घरी येतो.

मी एक थेंब पिणार न्हाई. आरतीला दुसऱ्यांदा तो वास यायला नको. मला ती पाहिजे. हे इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. मराठीत लिहिलं की खरंच वाटायला लागतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

शिवमनं आज साडेनऊ दिले. अर्धा कशाचा कापला म्हणलं तर म्हणाला, "अर्धा तुझ्या थोबाडाचा."

गावाकडं आलो. आई आंबिलीत लसूण ठेचून टाकून राहिली. मी बॅगेत पुदिन्याची जुडी, लवंगा आणि माऊथवॉश घेऊन झोपायला चाललो.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

सगळं सांगतो.

कडब्याच्या खोपीत पाच दगडांच्या पांडवांची पूजा झाली आणि उमरीची जीप आली. मामा, मनिषामामी, आरतीची आई आणि आरती. आरतीनं हिरवा ड्रेस घातला होता, हरभऱ्यात उभी राहिली तर दिसेचना. आईनं पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर वाढली. सगळ्यांना तांब्यानं आंबील दिली. आरती दोन वाट्या प्यायली. मामी आईला म्हणाल्या, "केवळाबाई, हात लई चांगलाय तुमचा." सगळ्या शिवारात लसूण घमघमून राहिला होता.

मी माझी आंबील हळूच हरभऱ्यात ओतली आणि पुदिना चघळत बसलो.

मामा दोनदा उठून विहिरीच्या पलीकडं एकटेच हद्द बघायला गेले. दोन्ही वेळा येताना तोंडात ताजी लवंग. एवढ्या जेवणावळीत पण स्वच्छतेचं भान! मला वाटलं, आपलं आणि मामांचं लई जमणार.

दुसऱ्यांदा आले आणि सरळ माझ्यासमोर बसले. "पाव्हणं, आंबील घेतली न्हाई?"

"घेतली की मामा."

"तोंड उघडा."

मला वाटलं, आला क्षण. मी मनापासून हाऽऽ केलं.

मामा उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! बाईमाणसापासून लेकरापर्यंत सगळ्यांच्या तोंडाला लसूण. आणि ह्या एकट्याच्या तोंडाला पुदिना. कामून? ऐन येळवशीला, शेतात बसून, काय दाबायला लागतंय ह्याला? पानवाला म्हणतो रोज लवंग. मेडिकलवाला म्हणतो पंधरा दिवसांत तीन बाटल्या, वर मलाच म्हणतो, काका सांभाळून घ्या त्याला. मी काय काल जन्मलो का? पोरगं पितंय!"

मला आधी समजलंच न्हाई. काय पितंय? मग बाबा खाली मान घालून म्हणाले, "सोडलंय म्हणतोय त्यानं."

"बाबा!!"

"गोठ्यात शप्पथ घेतलीस की."

"ते लसणाबद्दल होतं!"

"लसणाची कुणी शप्पथ घेतंय का, येड्या?" बाबा म्हणाले आणि आई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. ॲलिल मिथाइल सल्फाइड, रक्त, फुप्फुस, दूध, शिवमचे मार्क. मामा म्हणाले, "इंग्रजी झाडू नका. चोवीस तास तोंडाला लवंग ठेवणारा माणूस काय ठेवतो पोटात, ते आम्हाला शिकवू नका. माझी भाची असल्या घरात देणार न्हाई."

आरती माझ्याकडं बघून राहिली होती. मला रडायला येऊन राहिलं होतं, पण डोकं चालू होतं. केमिस्ट्रीचा माणूस आहे मी. समोरच्याची थिअरी चुकीची असली तर एक उलटं उदाहरण बास होतं. आणि उदाहरण तर समोरच उभं होतं.

मी म्हणलं, "मामा, रागवू नका, पण लवंग म्हणजे दारू असं कसं होईल? तुमच्या तोंडाला उमरीला पण लवंग होती. आज विहिरीकडं जाऊन आलात, तेव्हा पण होती. आत्ता पण वास येऊन राहिलाय. मग तुम्ही काय पिता का?"

आईचं रडणं थांबलं. बाबांच्या हातातला उंडा हातातच राहिला. आरतीची आई पायाजवळची माती उकरत बसली.

मनिषामामींनी तांब्या खाली ठेवला. एकदम शांत आवाजात म्हणाल्या, "सांगा की. पोरगं इचारून राहिलं."

मामा म्हणाले, "दाढ दुखते माझी."

"आरती चौथीत होती तवापासून?"

मला मामांची दया आली. मी म्हणलं, "बरोबर आहे मामी. लवंगात युजेनॉल असतं, दाढेला लई आराम पडतो. मामांचं काही चुकलेलं न्हाई."

आरतीला जोराचा ठसका लागला. वाटी टाकून ती विहिरीकडं पळाली. मामांनी समोरचा आंबिलीचा तांब्या उचलला, एका दमात संपवला, "ऊन लई झालं," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. थंडीत कुठलं ऊन?

जाताना मामी माझ्याजवळ आल्या. "तोंड उघड बाळा." मी हळूच हाऽऽ केलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "पुदिना हाय," आईला म्हणाल्या. "नुसता पुदिना. खाली काय न्हाई. माझं नाक चुकत न्हाई बाई."

काय नाक आहे! शिवमपेक्षा ह्यांनाच बसवायला पाहिजे होतं टेस्टिंगला.

२० डिसेंबर, शनिवार

आई म्हणते, "पोरगं पीत न्हाई हे बरं झालं, पण स्थळ गेलं. पाव्हण्याला तोंडावर असं इचारतेत व्हय रे?" मी म्हणलं, मी तर त्यांचीच बाजू घेतली. त्यावर तिनं मला उंडा फेकून मारला.

बाबा सकाळपासून गोठ्यात एकटेच हसू लालेत. म्हशीला "दाढ दुखते का गं?" विचारू लालेत.

मला काही गोड लागून न्हाई राहिलं. आंबील उरली होती, ती प्यायलो. आता कुणासाठी सांभाळायचं?

२४ डिसेंबर, बुधवार

दुपारी क्लासमध्ये अनोळखी नंबर. आरती! मी जिन्यात पळालो. फोनवर वास जात न्हाई, तरी तोंडावर हात धरला.

म्हणाली, "एक विचारू? तुम्ही ते मुद्दाम विचारलं का?"

"काय?"

"मामाला. लवंगाचं."

"न्हाई न्हाई! वाईट वाटलं का त्यांना? ते फक्त लॉजिक होतं. उलटं उदाहरण."

रेंज गेली वाटून मी दोन पायऱ्या वर चढलो.

मग म्हणाली, "आमच्या घरात ते कुणी विचारलं नव्हतं. मामीनं न्हाई, आईनं न्हाई. मी बी न्हाई. त्याच्या घरात राहायचं, त्याचं खायचं, कुणी कसं विचारावं? मामी रात्री दारं-खिडक्या लावून घ्यायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. सकाळी तो लवंग चघळत बाहेर पडला की सगळं ठीक."

"लवंगाबद्दल बोलून राहिलात ना?"

ती हसली. "हाव. लवंगाबद्दल."

दाढदुखीनं माणूस ओरडतो हे मला माहीत आहे, आमच्या काकांचं बघितलंय. पण एवढी वर्षं? मी ते म्हणलं न्हाई.

"आता काय चाललंय?" मी विचारलं.

"तो गप्प आहे. बैठकीत बसून राहतो. मामी रोज संध्याकाळी जवळ जाऊन सगळ्यांसमोर म्हणते, तोंड उघडा. पहिल्या दिवशी त्यानं ताट फेकलं. काल उघडलं. मामी म्हणाली, स्थळाचं मामाला विचारायचं न्हाई, तुझं तू ठरव. मी ठरवलं. माझ्याकडनं हो आहे."

मी जिन्यातच बसलो. वरनं पोरं उतरून राहिली होती, सर काय झालं, सर काय झालं.

"पण एक अट आहे," ती म्हणाली. "जे दिसंल ते असंच विचारायचं. मला बी. आपल्या घरात कुणी गप्प बसायचं न्हाई."

मी म्हणलं, चालेल. हे तर मला जमतंच, आई म्हणते तेच एक जमतं. मग मला वाटलं मामांसाठी पण काहीतरी केलं पाहिजे, त्यांच्यामुळंच तर सगळं जुळलं. म्हणून सांगितलं, "लातूरला एक चांगला डेंटिस्ट आहे, माझ्या ओळखीचा. मामांना घेऊन या. दाढ काढून टाकू. किती दिवस लवंगावर काढणार?"

पलीकडनं कसलातरी आवाज आला. ती हसून राहिली का रडून, ते मला कळेना.

अट आठवली. विचारलं.

म्हणाली, "दोन्ही."